शिलाई यंत्रातील कापडाची चाल

तयार कपड्यांच्या कारखान्यातील सरळ टाक्याचे यंत्र मिनिटाला 4000 टाके घालते, तेव्हा टाक्याची लांबी अडीच मिलिमीटर धरल्यास सुईखालून दर मिनिटाला 10 मीटर कापड सरकत असते. सुई आणि दोऱ्याची चर्चा बरीच होते. कापड पुढे नेणारी यंत्रणा मात्र दुर्लक्षित राहते. वस्तुतः टाक्यांची लांबी व शिवणीचा सारखेपणा तीच ठरवते.

एलियास होव यांच्या 1846 च्या यंत्रात कापड धातूच्या पट्टीवर टाचण्यांनी अडकवावे लागे. पट्टी संपली की शिवण थांबवून ते पुन्हा अडकवणे आले. ॲलन विल्सन यांनी 1854 मध्ये स्वामित्वहक्क घेतलेल्या चतुर्गती पद्धतीने ही अडचण दूर झाली. सुई कापडाबाहेर असताना खालचे दाते पट्टीच्या फटीतून वर येतात, वरच्या प्रेसर फूटच्या दाबाखालील कापड एक टाकाभर पुढे ढकलतात, खाली जातात आणि मूळ जागी परततात. आजही बहुसंख्य यंत्रे याच तत्त्वावर चालतात. दात्यांची उंची साधारणपणे 0.8 ते 1.2 मिलिमीटर असते. तलम कापडास कमी, जाड कापडास अधिक.

या पद्धतीचा दोष तिच्या रचनेतच आहे. दाते फक्त खालच्या थराला ओढतात, तर वरचा थर स्थिर प्रेसर फूटला घासून मागे रेंगाळतो. परिणामी लांब शिवणीच्या शेवटी दोन थरांची टोके जुळत नाहीत किंवा शिवणीवर चुण्या पडतात. फूटचा दाब वाढवणे हा सहज सुचणारा उपाय, पण त्याने घर्षणही वाढते.

यावर निरनिराळे मार्ग निघाले. तिरुपूरच्या होजिअरीसारखे विणलेले कापड शिवताना ताणले जाते; तेथे दात्यांचे दोन संच वापरतात. पुढच्या संचाची चाल मागच्यापेक्षा मोठी ठेवल्यास ताण राहत नाही. काही यंत्रांत सुई स्वतःच कापडात रुतलेल्या स्थितीत त्याच्यासोबत सरकते, त्यामुळे थर एकमेकांवरून घसरू शकत नाहीत. चामड्यासाठी सुई, दाते आणि वरचा चालता फूट हे तिन्ही एकत्र सरकतात.

2004 अखेर कापड व्यापारातील कोटा पद्धती संपुष्टात आल्यावर निर्यातीत गुणवत्तेचे महत्त्व वाढले. 1999 मध्ये सुरू झालेल्या तंत्रज्ञान उन्नयन निधी योजनेने यंत्रखरेदीस साहाय्य दिले. तिचे सुधारित रूप मार्च 2022 पर्यंत चालले. यंत्र आले तरी दाब, दात्यांची उंची व चाल यांचा मेळ कापडागणिक बसवावा लागतो, आणि ते काम जाणकाराचेच. मेळ चुकल्यास शिवणारी स्त्री हाताने कापड ओढून घेते. मग सुई वाकते, प्रसंगी मोडते. शिवण उसवून पुन्हा घालण्यात गेलेला वेळ मात्र तिच्या दिवसाच्या ठरलेल्या नगांतून वजा होत नाही.