लगाम कोणाच्या हाती?

प्राचीन संस्कृतींना परदेशी जनावरे मिळाली असती तर काय झाले असते, हा प्रश्न अनेकांना निव्वळ करमणुकीचा वाटतो. आम्हाला तसे वाटत नाही. कारण 'घोडा होता ते जिंकले, नव्हता ते हरले' एवढ्या एका वाक्यात अख्ख्या अमेरिका खंडाची गुलामी गुंडाळून टाकण्याचे काम विजेत्यांच्या इतिहासकारांनी केले आहे.

वस्तुस्थिती काय आहे? अमेरिकेत मूळचे घोडे होते. ते सुमारे १०,००० वर्षांपूर्वी नामशेष झाले. मेक्सिकोत चाके लावलेली मातीची प्राचीन खेळणी उत्खननात सापडली आहेत. म्हणजे चाकाची अक्कल होती, गाडी ओढणारे जनावर नव्हते. पेरूच्या इंकांकडे लामा होता. तो २५-३० किलो ओझे वाही, पण स्वार पेलत नसे. तरीही इंकांनी हजारो किलोमीटरचे रस्ते बांधले आणि पायी धावणाऱ्या निरोप्यांच्या बळावर राज्य चालवले. या लोकांना बैल-घोडे आधी मिळाले असते, तर नांगर, गाडी आणि घोडदळ त्यांनीही उभे केले असते, यात आम्हाला शंका नाही.

१५१९ साली कोर्तेस मेक्सिकोत उतरला, तेव्हा त्याच्याकडे अवघे १६ घोडे होते. १६ घोड्यांनी साम्राज्य कोसळते काय? १५२० च्या देवीच्या साथीने माणसे पटापट मेली आणि अझ्टेकांशी वैर असलेले त्लाश्कालाचे हजारो योद्धे स्पॅनिशांच्या बाजूने लढले. फूट आणि रोगराई यांचे श्रेय घोड्याला देऊन चालणार नाही.

खरी मेख पुढे आहे. सत्ता हाती येताच स्पॅनिशांनी मूलनिवासींना घोड्यावर बसण्याची बंदी केली. सूट मिळाली ती मर्जीतल्या सरदारांना. इतरांनी दाणावैरण घालायची, खरारा करायचा, लीद काढायची. खोगिरावर मात्र बसायचे नाही! गोरा माणूस जन्मानेच श्रेष्ठ होता, तर या बंदीची गरज का पडावी?

ती का पडली, हे चिलीच्या लाऊतारोने दाखवून दिले. मापुचे जमातीचा हा मुलगा स्पॅनिश सेनापती वाल्दिव्हियाच्या कैदेत त्याच्या घोड्यांची निगा राखत असे. घोडा कुठे थकतो, कुठे अडतो, हे तो तिथे शिकला. पळून जाऊन त्याने आपले लोक संघटित केले आणि १५५३ साली तुकापेलच्या लढाईत वाल्दिव्हियाच संपला. घोडा आत्मसात केलेले मापुचे पुढे १८८० च्या दशकापर्यंत स्वतंत्र राहिले.

उत्तर अमेरिकेतील मैदानी जमातींना घोडे १६८० च्या प्युब्लो उठावानंतर मिळाले, असे पुस्तके सांगत आली. २०२३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने घोड्यांची जुनी हाडे तपासून दाखवले, की सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातच या जमाती घोडे पाळत होत्या. अनेक जमातींचे वडीलधारे तोंडी परंपरेने पूर्वीपासून तेच सांगत होते. त्यांचे ऐकले कोणी?

जनावराला जात नसते, वंश नसतो. जो शिकेल त्याला ते पाठीवर घेते. त्यावर कोणी बसायचे आणि कोणी लीद काढायची, हे माणसे ठरवतात. हे ठरवण्याचा अधिकार त्यांना दिला कोणी, हा प्रश्न आमच्या वाचकांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.