बत्तीस गाण्यांचं दफ्तर

पंक रॉकच्या संकलनांकडे ‘निवडक गाणी’ म्हणून बघितलं की गफलत होते. सिनेसंगीतात संकलन निघतं ते गाणी गाजल्यावर. इथे गाजण्याचा प्रश्नच नसायचा. बँड जेमतेम वर्षभर टिकायचे, गाठीशी मोजकी गाणी, स्वतंत्र तबकडीला लागणारा पैसा कुणाकडेच नाही. मग दहा बँडनी मिळून एक तबकडी काढायची, एवढाच परवडणारा मार्ग उरे. म्हणून ही संकलनं ऐकायची ती एखाद्या शहरातल्या पोरांचा कारभार कसा चालला होता, याचं दफ्तर म्हणून. गाण्यांची प्रत हा नंतरचा मुद्दा.

वॉशिंग्टनचं ‘फ्लेक्स युअर हेड’ घ्या. टीन आयडल्स हा शाळकरी पोरांचा बँड १९८० मध्ये मोडला, तेव्हा कार्यक्रमांतून साठलेले पैसे वाटून न घेता त्यांनी ते आपलीच गाणी छापण्यात घातले. त्यातून डिस्कॉर्ड ही कंपनी उभी राहिली. कंपनी कसली, सुरुवातीची कव्हरं ही पोरं हातानं कापून, दुमडून, चिकटवून तयार करत. जानेवारी १९८२ मध्ये निघालेल्या या संकलनात ११ बँडची ३२ गाणी आहेत, पुष्कळशी मिनिट-दीड मिनिटाची. ११ बँड म्हटल्यावर मोठी चळवळ डोळ्यांसमोर येते, पण नावं ताडून पाहा. इयन मकाय आणि जेफ नेल्सन टीन आयडल्समध्येही आहेत, मायनर थ्रेटमध्येही. टीन आयडल्सचा गायक पुढे यूथ ब्रिगेडमध्ये गातो, अनटचेबल्सचा गायक मकायचा धाकटा भाऊ. एकमेकांना ओळखणारी थोडी पोरं, आळीपाळीनं नावं बदलणारी. शिवाय तबकडी बाजारात येईपर्यंत टीन आयडल्स, अनटचेबल्स आणि स्टेट ऑफ अलर्ट संपलेले होते. स्टेट ऑफ अलर्टचा गायक हेन्री रॉलिन्स हे नवं नाव घेऊन कॅलिफोर्नियाच्या ब्लॅक फ्लॅगमध्ये दाखल झाला होता. सुट्या तबकड्यांतून हे विणकाम दिसलं नसतं.

यावर रास्त आक्षेप असा की संकलन काढणाराच आपल्या मित्रांना आत घेतो आणि इतिहास वाकवतो. प्रातिनिधिक कवितासंग्रहांवरून आपल्याकडे होणारी भांडणं ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे पटवून द्यायला नको. ‘फ्लेक्स युअर हेड’मध्ये बॅड ब्रेन्स नाहीत. कृष्णवर्णीय वादकांच्या ज्या बँडनं या पोरांना वेगानं आणि शिस्तीनं वाजवायला शिकवलं, तोच गैरहजर. तोवर बॅड ब्रेन्सनी न्यूयॉर्क गाठलं होतं. केवळ ही तबकडी ऐकणारा वॉशिंग्टनच्या पंकचा उगम चुकीच्या ठिकाणी शोधेल, हे कबूल. पण यावर उपाय म्हणून सगळ्यांनाच आत घेतलं तर काय होतं, तेही त्याच वर्षी दिसलं. ‘मॅक्सिमम रॉकनरोल’ या पंक नियतकालिकाच्या मंडळींनी ‘नॉट सो क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’मध्ये उत्तर कॅलिफोर्निया आणि नेव्हाडातले ४७ बँड कोंबले. पसारा कळतो, पण कोण कुणाच्या जवळचं होतं ते कळत नाही. जवळीक पक्षपातातूनच दिसते. फक्त तो पक्षपात कुणाचा, हे श्रोत्याला माहीत हवं.

दुसरा आक्षेप बड्या कंपन्यांनी काढलेल्या संकलनांवरचा. लंडनच्या रॉक्सी क्लबमधलं थेट मुद्रण १९७७ मध्ये ‘द रॉक्सी लंडन डब्ल्यूसी२’ म्हणून काढलं ते ईएमआयच्या हार्वेस्टनं. याच ईएमआयनं त्याच वर्षाच्या सुरुवातीला सेक्स पिस्टल्स या पंक बँडला बाहेरचा रस्ता दाखवला होता. हेतू निव्वळ व्यापारी, असं धरून चालू. तरीही स्वच्छतागृहांत लपवलेल्या मायक्रोफोननी टिपलेल्या गप्पा गाण्यांच्या मधोमध ऐकू येतात, आणि नफ्यासाठी का होईना, त्या क्लबातला प्रेक्षक तेवढा जिवंत राहिला.

निवड करणारा बाहेरचा असला की काय होतं, याचं भान खुद्द पंकवाल्यांनाही होतं. ब्रिटिश संगीतकार-निर्माता ब्रायन ईनोनं १९७८ मध्ये ‘नो न्यूयॉर्क’साठी चारच बँड घेतले, ग्लेन ब्रँकाचा थिओरेटिकल गर्ल्स बाहेर राहिला, आणि न्यूयॉर्कमधला ‘नो वेव्ह’ हा प्रवाह म्हटला की पुढे प्रामुख्यानं त्या चौघांचंच नाव निघू लागलं. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या डेंजरहाऊस या कंपनीनं सहा बँडची, एकाच बाजूला गाणी असलेली तबकडी काढली. नाव ठेवलं ‘येस एल.ए.’, आणि तिच्यावर छापून टाकलं की हिची निर्मिती ब्रायन ईनोची नाही.