नांदूर मध्यमेश्वर : गाळात वसलेले पक्षितीर्थ

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी, ब्रिटिश अमदानीत एक बंधारा बांधण्यात आला. हेतू निव्वळ व्यवहाराचा होता. वरच्या धरणांतून सोडलेले पाणी येथे अडवावे आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडील शेतीला द्यावे. पुढे नद्यांनी वर्षानुवर्षे गाळ आणून टाकला आणि साठवणक्षमता घटत गेली. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात ही उघड तूट होय. पक्ष्यांच्या खात्यावर मात्र तीच रक्कम जमा झाली.

याचे कारण साधे आहे. थापट्या, तलवार बदक, हळदीकुंकू बदक हे पक्षी सहसा बुडी मारून चरत नाहीत. मान बुडेल एवढ्याच पाण्यात त्यांची चोच अन्नापर्यंत पोहोचते. खोल धरण त्यांच्या फारसे उपयोगाचे नसते. गाळाने येथे उथळ पाणी, बेटे व पाणवनस्पती दिल्या आणि मध्य आशियापासूनचे पाहुणे हिवाळ्यात उतरू लागले. १९८६ मध्ये येथे अभयारण्य झाले. जानेवारी २०२० मध्ये १,४३७ हेक्टरचे हे क्षेत्र महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले.

नाशिकपासून हे ठिकाण सुमारे ४० किलोमीटर. गजपंथाच्या दर्शनास येणाऱ्या कुटुंबांना एक सकाळ सहज जोडून घेता येते. चापडगाव येथे निरीक्षण मनोरे आहेत, गावातील तरुण वाटाड्याचे काम जाणकारीने करतात. त्यांचे मानधन देताना घासाघीस न करणे बरे. उजाडताना पोहोचावे. प्रथम दिसतो तो वारकरी : काळा देह, कपाळावर गंधासारखा पांढरा ठिपका. मग काडीसारख्या गुलाबी पायांचा शेकाट्या, चिखल चाळणारा चमच्या आणि संस्कृत काव्यात विरहासाठी प्रसिद्ध झालेला नारिंगी चक्रवाक. पट्टकादंब हंस तर हिमालय ओलांडून येतो. संध्याकाळचे थवेही प्रेक्षणीय असतात. चौविहार पाळणाऱ्यांनी डबा आधीच आटोपून मनोरा गाठावा.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्या घरांत पाखरांना दाणे टाकण्याची चाल जुनी आणि चांगली आहे. पण येथे शेव, गाठिया वा पाव पाण्यात टाकणे ही जीवदया नव्हे. त्या पदार्थांनी पाणी सडते, आणि पक्ष्यांचा आहार पाण्यातच पुरेसा असतो.

पाण्यावर आधीच बराच भार आहे. वरच्या वस्त्यांचे सांडपाणी नदीत उतरते, त्यावर जलपर्णी पोसते आणि मोकळा पृष्ठभाग झाकून टाकते. कालव्यांच्या आवर्तनासाठी पातळी वाढवली की उथळ चराऊ जागा बुडतात. दुसरीकडे सायखेडा-चांदोरी परिसराला पुराचा वेढा पडतो, तेव्हा गाळ काढण्याची मागणी होते. ज्याच्या घरात, दुकानात, उभ्या पिकात पाणी शिरले त्याची ही मागणी स्वार्थी म्हणता येणार नाही. सरसकट गाळ उपसला तर पक्ष्यांचा आधार जाईल. काहीच न केले तर गावांनी किती सोसावे? कोणत्या भागातला गाळ काढायचा आणि कोणती बेटे राखायची, हे जलतज्ज्ञ, पक्षितज्ज्ञ व ग्रामस्थ यांनी एकत्र बसून ठरवण्याचे काम आहे.

मार्च लागला की बदके उत्तरेकडे निघू लागतात. बेत आखायचा तर डिसेंबर-जानेवारीतला, आणि शक्यतो शनिवारचा. रविवारी मनोऱ्यांवर दाटी होते.