राणी मुंगी सापडल्यास : ओळख, संगोपन आणि जबाबदारी

मान्सूनचे आगमन झाले की देशाच्या निरनिराळ्या भागांत दिव्यांभोवती पंख असलेल्या मुंग्यांचे थवे दिसू लागतात. केरळ आणि कोकणात साधारणपणे जूनमध्ये, तर उत्तर भारतात त्यानंतर काही आठवड्यांनी हे दृश्य नजरेस पडते. अशा रात्रीनंतरच्या सकाळी अंगणात, गच्चीवर किंवा जिन्याच्या कोपऱ्यात एखादी मोठी मुंगी एकटीच लगबगीने फिरताना आढळते. ती बहुधा नुकतीच मीलन झालेली राणी असते आणि नव्या वसाहतीसाठी जागा शोधत असते.

भारतातील मुंग्यांची जी सूची २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत ८२८ जाती व उपजातींची नोंद आहे. त्यांपैकी २५६ केवळ भारतातच आढळल्या आहेत. राणी मुंगी पाळून तिची वसाहत वाढताना पाहण्याचा छंद आज अनेक देशांत रुजला आहे. मात्र या छंदाला एक गंभीर बाजूही आहे, हे २०२५ मध्ये केनियातील एका प्रकरणाने दाखवून दिले.

मीलन-उड्डाण म्हणजे काय?

वर्षातील ठराविक काळी मुंग्यांच्या वसाहतीत पंख असलेल्या माद्या आणि नर तयार होतात. पावसाच्या सरींनंतर हवेत दमटपणा आला आणि जमीन मऊ झाली, की ते एकाच वेळी बाहेर पडतात. मीलनानंतर नर थोड्याच काळात मरतात. मादी जमिनीवर उतरते, स्वतःचे पंख गाळून टाकते आणि मातीत किंवा लाकडाच्या फटीत शिरून स्वतःला कोंडून घेते. नराकडून मिळालेले शुक्राणू तिच्या शरीरातील एका पिशवीत साठविले जातात. त्यावर ती पुढे आयुष्यभर अंडी घालते. बहुतेक जातींत तिचे पुन्हा मीलन होत नाही.

हे आयुष्य लहान नसते. युरोपात सर्वत्र आढळणाऱ्या लॅसियस नायगर या काळ्या मुंगीची एक राणी बंदिस्त अवस्थेत सुमारे २९ वर्षे जगल्याची नोंद आहे. मात्र इतका काळ फारच थोड्या राण्यांच्या वाट्याला येतो. उड्डाणानंतर बाहेर पडलेल्या बहुतांश राण्या पक्षी, पाली, कोळी आणि अन्य मुंग्यांच्या भक्ष्यस्थानी पडतात.

राणी कशी ओळखावी?

प्रथम ती मुंगीच आहे की वाळवी, हे पाहणे आवश्यक आहे, कारण पावसाळ्यात वाळवीचेही थवे उडतात. मुंगीची कंबर अत्यंत बारीक असते आणि स्पर्शिका कोपरासारख्या वाकलेल्या असतात. वाळवीला अशी कंबर नसते. तिच्या स्पर्शिका मण्यांच्या सरळ माळेसारख्या दिसतात. मुंगीचे पुढचे पंख मागच्या पंखांपेक्षा मोठे असतात, तर वाळवीचे चारही पंख जवळजवळ सारखे असतात.

केवळ आकार मोठा आहे म्हणून मुंगी राणी ठरत नाही. मुंगळ्यांमध्ये मोठ्या डोक्याच्या कामकरी मुंग्याही असतात आणि पुष्कळांची तेथेच फसगत होते. खरी खूण छातीच्या भागात असते. उडण्यासाठी लागणाऱ्या स्नायूंमुळे राणीची छाती रुंद व फुगीर असते. पंख गळाले असल्यास दोन्ही बाजूंना त्यांचे बारीक व्रण दिसतात. तिचे उदर मोठे असते. भिंगातून पाहिल्यास डोक्यावर तीन ठिपक्यांसारखे साधे डोळे दिसतात. मुंगळ्यांच्या कामकऱ्यांत ते नसतात. नराचे डोके लहान व डोळे मोठे असतात आणि शरीर सडपातळ असते.

पंख कायम असलेल्या मादीचे मीलन झाले असेलच असे नाही. मुंग्यांमध्ये फलन न झालेल्या अंड्यांतून नरच जन्मतात. त्यामुळे मीलन न झालेल्या राणीपासून कामकरी मुंग्यांची वसाहत उभी राहू शकत नाही. याशिवाय काही जातींत हा सर्वसाधारण नियमच लागू होत नाही. भारतात आढळणाऱ्या डायकॅमा या प्रजातीत वेगळी राणी नसते. कामकऱ्यांपैकीच एक मुंगी प्रजननाचे कार्य करते.

संगोपनाची पद्धत

राणीला बोटांनी पकडू नये. कागदाच्या साहाय्याने तिला छोट्या डबीत अलगद घ्यावे. काही जाती वेदनादायक दंश करतात. एका नळीत एकच राणी ठेवावी. एकत्र ठेवलेल्या राण्या अनेक जातींत कालांतराने परस्परांवर हल्ला करतात.

काचेची परीक्षानळी हे सर्वांत सोयीचे निवासस्थान होय. नळीचा साधारण एक तृतीयांश भाग स्वच्छ पाण्याने भरून त्यावर कापसाचा घट्ट बोळा बसवावा. त्यामुळे पाणी बाहेर न सांडता ओलावा मिळत राहतो. त्यापुढील मोकळ्या जागेत राणीला सोडून नळीचे तोंड हवा खेळती राहील अशा बेताने कापसानेच बंद करावे. नळीवर जाड कागद गुंडाळून ती अंधाऱ्या, स्थिर जागी आडवी ठेवावी. थेट ऊन, यंत्रांची कंपने, कीटकनाशकांचा फवारा, डासांची उदबत्ती आणि डांबराच्या गोळ्या यांपासून ती दूर असावी.

येथून पुढे सर्वांत कठीण काम म्हणजे काहीही न करणे. मुंगळ्यासह अनेक जातींच्या राण्यांना या काळात अन्न लागत नाही. उडण्यासाठी वापरलेले स्नायू आता निरुपयोगी झालेले असतात. ते विरघळून त्यांतून आणि शरीरातील चरबीतून पहिल्या अळ्यांचे पोषण होते. नळी वारंवार हलविल्यास किंवा उजेडात धरल्यास राणी स्वतःची अंडी खाऊन टाकण्याची शक्यता असते. त्यामुळे आठवड्यातून एकदा, अगदी थोडा वेळ पाहणे पुरेसे आहे.

काही जातींच्या राण्या मात्र याच काळात स्वतः शिकारीला बाहेर पडतात. पश्चिम घाटात आढळणारी, उडी मारून भक्ष्य पकडणारी हार्पेग्नाथोस सॅल्टेटर ही त्याचे उदाहरण होय. अशा राणीला उपाशी ठेवल्यास ती मरते. म्हणूनच जातीची ओळख पटविणे हा संगोपनाचा पाया आहे.

अंडी, अळी आणि कोष या अवस्था पार करून पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर येण्यास जाती व तापमानानुसार बहुधा एक ते दोन महिने लागतात. या मुंग्या आकाराने लहान असतात. त्या आल्यानंतर पाणी मिसळलेल्या मधाचा थेंब आणि मारलेला लहानसा कीटक द्यावा. तो कीटक कीटकनाशकाने मेलेला नसावा. उरलेले अन्न दुसऱ्या दिवशी काढून टाकावे, अन्यथा बुरशी धरते.

केनियातील प्रकरण आणि कायदा

एप्रिल २०२५ मध्ये केनियात बेल्जियमच्या दोन तरुणांकडे सुमारे ५ हजार राणी मुंग्या सापडल्या. त्यांमध्ये मेसर सेफॅलोटेस या मोठ्या आकाराच्या, धान्य साठविणाऱ्या जातीचा समावेश होता. कापसाचे बोळे बसविलेल्या दोन हजारांहून अधिक नळ्यांत त्या ठेवल्या होत्या. युरोप व आशियातील हौशी ग्राहकांकडून अशा मुंग्यांना मागणी असल्याचे तेथील वन्यजीव अधिकाऱ्यांनी सांगितले. मे २०२५ मध्ये नैरोबीतील न्यायालयाने या दोघांसह आणखी दोघांना प्रत्येकी १० लाख केनियन शिलिंग दंड किंवा एक वर्ष कारावास, अशी शिक्षा सुनावली.

एक राणी उचलणे म्हणजे एक मुंगी कमी होणे नव्हे, तर तिच्यापासून होणारी संपूर्ण वसाहत त्या भूमीतून नाहीशी होणे होय. जमिनीत हवा खेळती ठेवणे, बियांचा प्रसार करणे आणि किडींवर नियंत्रण ठेवणे ही कामे या वसाहती करतात. याउलट परक्या प्रदेशात पोहोचलेली मुंगी मोठा अनर्थ घडवू शकते. हिंदी महासागरातील ख्रिसमस बेटावर बाहेरून आलेल्या पिवळ्या मुंग्यांनी कोट्यवधी लाल खेकड्यांचा बळी घेतला.

भारतात राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांतून परवान्याशिवाय कोणताही वन्यजीव उचलण्यास वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये मनाई आहे. परदेशी व्यक्तींना येथील जैविक संसाधने मिळविण्यासाठी जैवविविधता कायदा, २००२ नुसार राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

त्यामुळे वारूळ खणून राणी काढू नये, विकत घेऊ नये आणि परप्रांतातून आणू नये. आपल्याच अंगणात आढळलेली एखादी राणी सांभाळायची असल्यास हे काम अनेक वर्षांचे आहे, याची आधी खात्री करून घ्यावी. तशी तयारी नसल्यास तिला भिंगातून पाहून, छायाचित्र घेऊन, ती जेथे सापडली तेथेच ओल्या मातीवर सोडून द्यावे. पाऊस पडलेला असतो, जमीन मऊ असते; पुढचे काम तिला ठाऊक असते.