दुपार कोणाची? अमेरिकेतील अर्ध्या आणि पूर्ण दिवसाचा बालवर्ग

'केजी' हा शब्द आपल्याकडे इतका मुरला आहे की तो 'किंडरगार्टन' या जर्मन शब्दाचा तुकडा आहे, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. ज्युनिअर केजी, सीनिअर केजी, मग पहिली, ही आपली चढण. तीन-साडेतीन तासांची शाळा, दाराशी रिक्षा किंवा व्हॅन, आणि मूल जेवायला घरी. पुण्या-नाशिकहून नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्या कुटुंबाला हा शब्द तिथे भेटतो तेव्हा ओळखीचा वाटतो, पण त्याचा अर्थ वेगळा असतो. तिथे किंडरगार्टन एकाच वर्षाचे, साधारण पाच वर्षांच्या मुलासाठी, बहुधा सरकारी प्राथमिक शाळेच्याच इमारतीत भरणारे. ते रोज किती तास भरावे, याचा निर्णय देश करत नाही. राज्य करते, आणि पुष्कळ राज्यांनी तो निर्णय स्थानिक 'स्कूल डिस्ट्रिक्ट'वर सोपवलेला आहे. हे डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला महसुली जिल्हा नव्हे. गावापुरते किंवा चार उपनगरांपुरते असलेले, स्वतःचे निवडून आलेले मंडळ असणारे आणि बऱ्याच अंशी घरपट्टीवर चालणारे ते शिक्षणाचे संस्थान आहे. म्हणून नोकरी बदलून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले की सकाळी आठ ते अडीच शाळेत असणारे मूल अचानक साडेअकराला घरी येऊ शकते.

असे का? बहुतेकांची समजूत अशी की लहान मुले दमतात, म्हणून अर्धा दिवस. इतिहास पाहिला तर कारणे अधिक रोकडी दिसतात.

फ्रेडरिक फ्रोबेलने १८४० मध्ये आपल्या संस्थेला किंडरगार्टन हे नाव दिले. प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये या बालोद्यानांवर बंदी घातली. त्याच सुमारास राजकीय उलथापालथीमुळे देशाबाहेर पडलेल्या जर्मन कुटुंबांबरोबर ही कल्पना अमेरिकेत पोचली. मार्गारेट शुर्झ यांनी १८५६ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउन येथे आपल्या घरी जर्मन भाषेतला वर्ग सुरू केला. एलिझाबेथ पीबॉडी यांनी १८६० मध्ये बॉस्टनमध्ये इंग्रजी वर्ग काढला, आणि १८७३ मध्ये सेंट लुईस शहरात सुझन ब्लो यांनी सरकारी शाळेत किंडरगार्टन चालवून दाखवले. म्हणजे अमेरिकेतले पहिले किंडरगार्टन हेच मुळी स्थलांतरितांचे, घरची भाषा जपणारे होते. ही गोष्ट आपल्या मंडळींना पुढे उपयोगी पडेल.

गरीब वस्त्यांतल्या सेवाभावी किंडरगार्टनांत सकाळी वर्ग आणि दुपारी शिक्षिकेने घरोघर जाऊन आयांना भेटणे, अशी रीत होती. दुपारचा वेळही कामाचाच होता. सरकारी शाळांनी हे वर्ग सामावून घेतले तेव्हा हिशेब बदलला. तीच शिक्षिका, तीच खोली, पण सकाळी एक तुकडी आणि दुपारी दुसरी. तेवढ्याच पगारात दुप्पट मुले. गृहभेटी बंद पडल्या. दुसऱ्या महायुद्धात शिक्षक कमी पडले, त्यानंतर जन्मदर उसळला, वर्गखोल्या पुरेनात, आणि दोन पाळ्यांची ही पद्धत घट्ट झाली. मूल दुपारी घरी येईल तेव्हा दार उघडायला आई असेलच, हे त्या व्यवस्थेने गृहीत धरले होते.

ते गृहीतक हळूहळू कोसळले. १९७७ मध्ये किंडरगार्टनमधल्या २८ टक्के मुलांचा वर्ग पूर्ण दिवसाचा होता. २०१३ मध्ये हे प्रमाण ७७ टक्के झाले. पण राज्यांच्या अनुदानाची सूत्रे मागेच राहिली. कोलोरॅडोत २०१९ पर्यंत किंडरगार्टनचे मूल अनुदानाच्या हिशेबात ०.५८ विद्यार्थी धरले जाई. उरलेला ०.४२ कोणी भरायचा? कुठे डिस्ट्रिक्टने दुसरीकडून पैसे वळवले, कुठे पालकांकडून मासिक शुल्क घेतले. सरकारी शाळा, पण दुपारनंतर सशुल्क! वॉशिंग्टन राज्यातही, जिथे सिअ‍ॅटलच्या आसपास मराठी संगणक अभियंत्यांची मोठी वस्ती आहे, अनेक डिस्ट्रिक्ट असे शुल्क घेत. मॅक्लिअरी खटल्यात २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याला मूलभूत शिक्षणाचा खर्च पुरता उचलण्यास बजावले, आणि २०१६-१७ पासून पूर्ण दिवसाचा वर्ग राज्यभर मोफत झाला. मिनेसोटाने २०१४ च्या शालेय वर्षापासून तेच केले, कोलोरॅडोने २०१९ मध्ये. इलिनॉयने २०२७-२८ पर्यंतची मुदत घातली आहे. कॅलिफोर्नियात मात्र किमान १८० मिनिटांचा वर्ग कायद्याला पुरतो, आणि पेनसिल्व्हेनियात किंडरगार्टन चालवण्याचीच डिस्ट्रिक्टवर सक्ती नाही.

न्यू जर्सीचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. अ‍ॅबट खटल्यातील १९९८ च्या निकालाने राज्यातल्या ठराविक गरीब शहरी डिस्ट्रिक्टांना पूर्ण दिवसाचे किंडरगार्टन द्यावे लागले. सुखवस्तू उपनगरांवर तशी सक्ती झाली नाही, आणि त्यांतली काही पुढे वर्षानुवर्षे अर्ध्या दिवसावरच राहिली. नव्याने येणारे भारतीय कुटुंब घर शोधताना शाळांचे गुणांकन पाहते, 'दहापैकी नऊ' अशी शाळा पाहून महागडे भाडे कबूल करते, आणि किंडरगार्टनचे दार अडीच तासांनी बंद होते हे त्याला करार झाल्यावर कळते. शाळेच्या त्या गुणांत हे तास कुठेच मोजलेले नसतात. ते गुण मुख्यतः तिसरीपासून पुढच्या परीक्षांवर बेतलेले असतात.

तासांच्या जोडीला जन्मतारखेचा घोळ आहे. समजा, मुलगी २० सप्टेंबरला पाच वर्षांची होणार. न्यूयॉर्क शहरात ३१ डिसेंबरपर्यंत पाच पूर्ण होणारी मुले त्याच वर्षी घेतात, म्हणून तिचा प्रवेश नक्की. ऑगस्टमध्ये वडिलांची बदली टेक्ससला झाली, तर तिथली तारीख १ सप्टेंबर; मुलगी १९ दिवसांनी हुकली, एक वर्ष थांबा. कनेटिकटने २०२४-२५ पासून आपली तारीख १ जानेवारीवरून १ सप्टेंबरवर आणली, तेव्हा तिथल्या जुन्या रहिवाशांचीही हीच तारांबळ उडाली. थांबण्याच्या त्या वर्षात खासगी पाळणाघराचा खर्च घरावर पडतो. महाराष्ट्रात सीनिअर केजी संपवून आलेल्या मुलाला पुन्हा ए-बी-सी गिरवावी लागते, म्हणून पालक 'वर्ष वाया गेले' असे म्हणतात. मला ते पटत नाही. आपल्या २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही पहिलीसाठी सहा वर्षांचेच वय धरले आहे.

आता मुख्य शंका : पूर्ण दिवस खरोखर चांगला का? हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र ताळा मांडला. वर्षअखेर पूर्ण दिवसाची मुले वाचन-गणितात स्पष्टपणे पुढे दिसली, पण तिसरीपर्यंत ती आघाडी जवळजवळ विरली. क्लोई गिब्ज यांनी इंडियानात जिथे सोडत काढून प्रवेश दिले गेले तिथली मुले तपासली. अशा तुलनेत श्रीमंत-गरीब, हौशी-उदासीन पालक असा भेद आपोआप पुसला जातो, म्हणून तिला वजन आहे. तिथेही साक्षरतेत फायदा दिसला, आणि हिस्पॅनिक मुलांत तो अधिक होता. घरी इंग्रजी नसलेल्या मुलाला जास्तीचे तास अधिक देतात, असा त्याचा अर्थ मी लावतो. मराठी घरालाही हे लागू पडावे. पण त्याच घराची दुसरी बाजूही आहे. अर्ध्या दिवसाच्या मुलाची दुपार मराठीत जाते : वरणभात, गोष्ट, आजीचे रागावणे. पूर्ण दिवसाचे मूल तीनला दमून येते आणि बसमधले इंग्रजीच घरात घेऊन येते. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी भरतात. रोजच्या दुपारीची जागा तो एक दिवस घेऊ शकत नाही.

मात्र मराठी टिकवायची म्हणून दुपार कोण देणार, हे न विचारता अर्ध्या दिवसाचे गुणगान करणे मला दांभिकपणाचे वाटते. एच-४ व्हिसावर आलेल्या पत्नीला नोकरीची मुभा नव्हती, तेव्हा तो प्रश्न सरकारनेच सोडवला होता. २०१५ पासून ग्रीन कार्डाच्या रांगेत ठराविक टप्पा गाठलेल्यांच्या जोडीदारांना कामाचा परवाना मिळू लागला, आणि अडीच तासांची शाळा एकदम महाग झाली. अशा शाळेच्या वेळात कोणती नोकरी बसते? मग भारतातून आजी-आजोबांना बोलावणे होते. पर्यटक व्हिसावर एका वेळी सहसा सहा महिन्यांचा मुक्काम मिळतो, शाळेचे वर्ष दहा महिन्यांचे. मधले चार महिने कोणाच्या रजेतून निघतात, हे प्रत्येक घर जाणते.

व्हिसाच्या प्रकारावरून मुलाला सरकारी शाळा नाकारली जाईल ही भीती मात्र अनाठायी आहे. १९८२ च्या 'प्लायलर विरुद्ध डो' निकालाने कागदपत्रे नसलेल्या मुलांनाही ते दार उघडे ठेवले. शाळा मागते ती भाडेकराराची प्रत, जन्मदाखला आणि लसीकरणाची नोंद. लसींची यादी राज्यागणिक बदलते. उदाहरणार्थ, टेक्ससमध्ये कावीळ-अ ची लसही लागते, म्हणून मूळ नोंदवही सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावी.

भाडेकरारावर सही करण्याआधी डिस्ट्रिक्टच्या कचेरीला फोन करून विचारण्यासारखे आणखी थोडे आहे. वर्ग किती मिनिटांचा, सकाळची की दुपारची पाळी हे कोण ठरवते, मधल्या वेळेची बस आहे का, आणि दुसऱ्या राज्यात किंडरगार्टन आधीच सुरू केलेल्या मुलाला तारखेत सवलत मिळते का. शाळा संपल्यावरच्या देखरेख वर्गाची प्रतीक्षायादी बहुधा वसंतातच भरते. जुलैत उतरणाऱ्या कुटुंबाचे नाव तिच्या तळाशी लागते. 'पूर्ण दिवस' या शब्दाचाही उलगडा करून घ्यावा. तो सहसा साडेसहा तासांचा असतो, कचेरीच्या दिवसाइतका नसतो, आणि वॉशिंग्टनमधल्या कित्येक डिस्ट्रिक्टांत आठवड्यातून एकदा, बहुतेक बुधवारी, शाळा तासभर आधीच सुटते.