आहत नाण्यांची वजने आणि हलता आयतालेख

मापांच्या मोठ्या संचाचे स्वरूप एका दृष्टिक्षेपात कळावे म्हणून संख्याशास्त्रात जी आकृती सर्वाधिक वापरली जाते, तिला शालेय पुस्तकांत आयतालेख आणि व्यवहारात हिस्टोग्राम म्हणतात. मापांच्या पल्ल्याचे लागोपाठ वर्ग पाडायचे, प्रत्येक वर्गात किती मापे पडली ती संख्या, म्हणजे त्या वर्गाची वारंवारता, मोजायची आणि त्या प्रमाणात एकमेकांना चिकटलेले आयत उभे करायचे, एवढीच तिची कृती असली, तरी त्या कृतीत आकृती काढणाऱ्याचे दोन निर्णय दडलेले असतात: वर्ग किती रुंद घ्यायचा आणि पहिला वर्ग कोठून सुरू करायचा. हे निर्णय बदलले की त्याच मापांचे वितरण, म्हणजे ती कोठे दाटली आणि कोठे विरळ झाली याची मांडणी, एका शिखराऐवजी दोन शिखरांची दिसू शकते किंवा असलेली शिखरे नाहीशी होऊ शकतात. कागदावर आलेख काढण्याच्या काळात हा निर्णय बहुधा एकदाच घेतला जाई, कारण सारी मोजणी पुन्हा करण्याइतका वेळ क्वचितच असे. संगणकाच्या पडद्यावर मात्र स्लायडर सरकवताच सर्व आयत क्षणात नव्याने रचले जातात. यात केवळ श्रम वाचतात असे मानणे अपुरे ठरेल, कारण वितरणाला प्रश्न विचारण्याची रीतच त्यामुळे बदलली आहे. आणि ती रीत किती दूरवर नेऊ शकते हे पाहायचे, तर पुण्यात हाताने केलेल्या एका जुन्या संशोधनाइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

हिस्टोग्राम हे नाव कार्ल पिअर्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात रूढ केले. वर्ग किती असावेत याचे स्टर्जेस यांचे सूत्र १९२६ चे असून त्यानुसार हजार मापांसाठी सुमारे अकरा वर्ग पुरतात. स्कॉट (१९७९) यांचा नियम प्रमाण विचलनावरून, तर फ्रीडमन आणि डायकोनिस (१९८१) यांचा नियम मधल्या निम्म्या मापांच्या पल्ल्यावरून वर्गाची रुंदी ठरवतो. गृहीतक तपासण्याआधी माहिती न्याहाळली पाहिजे, हा आग्रह जॉन ट्यूकी यांनी १९७७ च्या ग्रंथात मांडला. आर ही विनामूल्य संगणकीय भाषा आणि तिच्या आधाराने २०१२ साली आलेली शायनी ही साधनसामग्री यांमुळे हलता आयतालेख महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्याही आवाक्यात आला. शायनीच्या नमुना-आलेखात अमेरिकेतील ओल्ड फेथफुल या उष्णोदकाच्या कारंज्याच्या २७२ नोंदी असतात आणि वर्गांची संख्या अगदी कमी केली की दोन उद्रेकांमधील प्रतीक्षाकाळाची दोन स्पष्ट शिखरे एकमेकांत विरून जातात.

आता पुण्यातील प्रकरणाकडे वळता येईल. १९३० च्या दशकात फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी संख्याशास्त्र स्वतःच्या बळावर आत्मसात केले आणि त्यासाठी पुस्तकी उदाहरणांऐवजी प्रत्यक्षातले प्रश्न निवडले. परीक्षेतील गुण हा त्यांपैकी एक होता आणि प्राचीन नाण्यांची वजने हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाने त्यांना गणिताकडून नाणकशास्त्राकडे आणि तेथून प्राचीन भारताच्या इतिहासाकडे नेले, त्यामुळे भारतीय इतिहासलेखनातील एका मोठ्या वळणाची सुरुवात तराजूपाशी झाली असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

ही नाणी आहत, म्हणजे चांदीच्या पत्र्याच्या तुकड्यावर स्वतंत्र ठसे ठोकून केलेली, होती. कार्षापण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नाण्याचे प्रमाण ३२ गुंजांचे, म्हणजे सुमारे साडेतीन ग्रॅमचे मानले जाते. नाण्याच्या दर्शनी बाजूस सामान्यतः पाच ठसे असतात आणि त्यांच्या संचावरून नाणी एकाच मालिकेतील आहेत की नाहीत हे ठरवता येते. मागच्या बाजूस मात्र लहान लहान ठशांची संख्या नाण्यागणिक बदलते. नावे नाहीत, सनावळी नाही, अशा या नाण्यांचा कालक्रम लावायचा कसा, हा प्रश्न नाणकशास्त्रज्ञांना सतावत होता. कोसंबींचे म्हणणे असे की मागचे ठसे हे चलनात असलेल्या नाण्याची वेळोवेळी पारख करणाऱ्यांनी उमटवलेले असावेत, म्हणून ठसे जितके अधिक तितके नाणे अधिक काळ फिरलेले. हे खरे असेल तर त्याची साक्ष वजनाने दिली पाहिजे, कारण हातातून हातात जाणारे नाणे प्रत्येक व्यवहारात किंचित झिजते.

येथे वितरणाचा विचार निर्णायक ठरतो. एकाच टांकसाळीतून एकाच वेळी निघालेल्या नाण्यांची वजने एका अरुंद पट्ट्यात दाटलेली असतात. ती चलनात आली की प्रत्येकाची झीज वेगवेगळी होते, कारण कोणते नाणे किती हातांतून जाईल हे योगायोगावर अवलंबून असते. अशा असंख्य बारीक झिजांची बेरीज होत गेली की काळाच्या प्रमाणात सरासरी वजन घटते आणि त्याच वेळी प्रचरण, म्हणजे सरासरीपासूनच्या प्रत्येक अंतराला त्याच अंतराने गुणून काढलेली सरासरी, वाढत जाते. आयतालेखाच्या भाषेत सांगायचे तर जुन्या नाण्यांचा डोंगर हलक्या वजनांकडे सरकतो आणि सरकता सरकता बसका व रुंद होतो. केवळ सरासरी पाहणाऱ्याला यातील अर्धी गोष्टच दिसते. घट हे हलक्या नाण्यांच्या मूळ घडणीचेही लक्षण असू शकते, पण मागच्या ठशांच्या संख्येबरोबर घट आणि पसारा दोन्ही क्रमाने वाढत असतील, तर ते चलनाचेच काम असते.

कोसंबींना यासाठी उत्तम सामग्री तक्षशिलेने पुरवली. तेथील भीर टेकाडात १९२४ साली सापडलेल्या मोठ्या निधीत आहत नाण्यांबरोबर अलेक्झांडरची दोन आणि फिलिप अरिडेअसचे एक नाणे, तीही जवळजवळ कोरी, मिळाली होती, त्यामुळे निधी पुरला जाण्याचा काळ इसवी सनपूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीकडे बांधता आला. वॉल्श यांनी या नाण्यांचा तपशील भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ५९ व्या ग्रंथात १९३९ साली प्रसिद्ध केला आणि कोसंबींनी त्यावर त्या काळी नव्या असलेल्या संख्याशास्त्रीय कसोट्या लावल्या. सिद्धान्ताची उलटतपासणी त्यांनी आधुनिक नाण्यांवर केली, कारण त्यांवर टांकणीचे वर्ष छापलेले असल्याने वय आधीच ठाऊक असते. चलनातील अशी नाणी एकेक करून तोलण्याचे अत्यंत कंटाळवाणे काम त्यांनी जिद्दीने केले. पुण्याच्या विद्वत्परंपरेत पोथ्यांच्या पाठभेदांना जे स्थान आहे, तेच या वजनांच्या कोष्टकांनाही मिळायला हवे होते. ते मिळाले नाही ही खेदाची गोष्ट आहे.

हीच सामग्री आजच्या संवादी सॉफ्टवेअरमध्ये घातली, तर काय दिसेल याची कल्पना करणे उद्‌बोधक आहे. एका चौकटीत सर्व नाण्यांच्या वजनांचा आयतालेख आणि शेजारच्या चौकटीत मागच्या ठशांच्या संख्येचा आलेख ठेवायचा. दुसऱ्यातील 'तीन ठसे' हा स्तंभ निवडला की पहिल्यात तीच नाणी वेगळ्या रंगात उजळतात. या सोयीला जोडलेले आलेख म्हणतात आणि जेएमपी, डेटा डेस्क, कोडॅप अशा साधनांत ती मूळचीच असते. शून्य ठशांपासून पुढे जात गेले की रंगीत भाग हलक्या बाजूकडे सरकताना डोळ्यांना दिसतो. सर्व नाणी एकत्र मांडली असता जो एकच डोंगर डावीकडे लांब शेपूट टाकून बसलेला भासतो, तो अनेक पिढ्यांच्या नाण्यांचे मिश्रण आहे हे रंग भरताच उघड होते. शिखर हे टांकसाळीचे प्रमाण, असा सरळ निष्कर्ष काढणाऱ्याने हा प्रयोग अवश्य करावा.

वर्गाची रुंदीही येथे फार जपून हाताळावी लागते. वजने ज्या बारकाव्यापर्यंत नोंदली असतील त्याहून अरुंद वर्ग घेतले की मधले वर्ग रिकामे राहून आयतालेखाला फणीसारखे दाते फुटतात आणि हे दाते नाण्यांचे नसून तराजूचे असतात. भारतीय जनगणनेतील वयांच्या नोंदींत हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर आढळतो: एकेका वर्षाचा वर्ग घेतला तर शून्य आणि पाच या अंकांनी संपणाऱ्या वयांवर सुळके उभे राहतात, कारण नेमके वय ठाऊक नसलेला माणूस तीस, पस्तीस, चाळीस असे सांगतो, पाच वर्षांचा वर्ग घेताच सुळके लपतात. सुळके दाखवणारा आलेख नोंदींच्या गुणवत्तेविषयी बोलतो आणि लपवणारा लोकसंख्येविषयी, म्हणून अभ्यासकाने दोन्ही पाहणे आवश्यक असते.

असमान वर्गांचा प्रश्न पुण्यात शिवाजीनगरच्या वेधशाळेच्या नोंदींतून उत्तम समजतो. भारतीय हवामान विभाग सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा पाऊस मोजतो आणि त्याला २.५ ते १५.५ मिलिमीटर हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ जोरदार, ११५.६ ते २०४.४ अतिजोरदार आणि त्यापुढे अत्यंत जोरदार अशा श्रेणी देतो. हलक्या पावसाचा वर्ग १३ मिलिमीटरचा, तर मध्यम पावसाचा जवळजवळ ४९ मिलिमीटरचा असल्यामुळे दिवसांची संख्या थेट उंचीवर दाखवली तर मध्यम पावसाचा आयत क्षेत्रफळाने अवाच्या सवा मोठा होतो. अशा वेळी वारंवारतेला वर्गाच्या रुंदीने भागून उंची ठरवावी लागते, म्हणजे दिवसांचे प्रमाण आयताच्या क्षेत्रफळात उतरते. या श्रेणी इशारे देण्यासाठी योग्य आहेत, परंतु वितरण समजण्यासाठी मूळ दैनिक आकडेच घ्यावेत.

अभ्यासक्रमात मात्र विद्यार्थ्याच्या हाती बहुधा तयार वर्ग आणि तयार वारंवारता येतात आणि त्याचे काम आलेखकागदावर आयत उभे करण्यापुरते उरते, त्यामुळे ज्या निर्णयात सारे मर्म आहे तो त्याच्या वाट्यालाच येत नाही. मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू आता महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत दुर्मिळ नाही आणि टांकणीच्या वर्षासह नाणी आजही चलनात आहेत. एकाच मूल्याची, एकाच धातूची आणि एकाच घडणीची नाणी वर्षांनुसार वेगळी करून तोलावीत. स्टेनलेस स्टीलची झीज चांदीपेक्षा पुष्कळ कमी असल्याने तेथे प्रथम टांकसाळीचा मूळ पसारा दिसेल आणि झिजेचा माग काढण्यासाठी वर्षांमधील अंतर मोठे घ्यावे लागेल. वजनांची यादी वर्षासह आर अथवा कोडॅपमध्ये भरावी, वर्गाची रुंदी तराजूच्या बारकाव्याच्या काही पटींपासून सुरू करून वाढवत न्यावी, पहिल्या वर्गाची सीमा थोडी थोडी सरकवून शिखर टिकते की नाही ते पाहावे आणि जे शिखर प्रत्येक मांडणीत टिकेल त्याचाच पुढे विचार करावा.