निवतीच्या तळाशी गुलदार

जालना जिल्ह्यातल्या राजूरहून समुद्र दूर, हे खरं. पण राजूर ज्या तालुक्यात येतं त्या भोकरदनच्या उत्खननात सातवाहनकाळातली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली आणि तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेली आहे. बंदरांवरून चालणाऱ्या व्यापाराने एके काळी जालन्याच्या या भागालाही हात लावला होता. म्हणून सिंधुदुर्गच्या समुद्रात सरकारी पैशाने जहाज बुडवायचं ठरतं, तेव्हा तो विषय एकट्या कोकणाचा राहत नाही. नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेलं ‘आयएनएस गुलदार’ हे सुमारे ८४ मीटर लांबीचं जहाज २०२५ च्या फेब्रुवारीत कारवारला महाराष्ट्राच्या पर्यटन विकास महामंडळाकडे सोपवलं गेलं. निवती रॉकजवळ ते तळाशी बसवून त्याचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती करायची, ही योजना. माझ्या मते ती योग्य आहे. मात्र जहाज बुडवण्याआधी आणि नंतर शिस्त पाळली तरच.

गेल्या चार दशकांकडे पाहिलं की हे पटतं. १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, ते मच्छीमारांना विश्वासात न घेता. त्यामुळे विरोध झाला आणि संरक्षण बऱ्याच अंशी कागदावर राहिलं. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा प्रकल्प आला, स्थानिक तरुण स्कूबा आणि स्नॉर्केलिंगचे मार्गदर्शक झाले, तारकर्लीत प्रशिक्षण संस्था उभी राहिली. रोजगार आला, ही मोठी गोष्ट. पण सगळी गर्दी सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या उथळ पाण्यातल्या प्रवाळांवरच पडली. पहिल्यांदा पाण्यात उतरलेला माणूस घाबरतो, हाताला लागेल ते धरतो, पाय टेकतो. वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर वाढणारं प्रवाळ त्या एका पायाखाली मोडतं. लोखंडाला असा धक्का सोसतो. गर्दीतले काही पाणबुडे जरी जहाजाकडे वळले, तरी प्रवाळांवरचा तेवढा भार उतरेल.

बुडालेलं जहाज किती टिकतं, याबाबत थंड उत्तरेचा दाखला इथे सरसकट लागू पडत नाही. बाल्टिक समुद्रात पाण्याचा खारेपणा कमी, लाकूड पोखरणारा जहाजकिडा तिथे सहसा जगत नाही. म्हणून १६२८ मध्ये बुडालेलं ‘वासा’ हे लाकडी जहाज १९६१ मध्ये जवळजवळ अखंड वर काढता आलं. आपल्या उबदार खाऱ्या पाण्यात हाच किडा लाकडी होडी आतून पोकळ करतो आणि थोड्याच वर्षांत गाळात दबलेलं तेवढं उरतं. टिकतं ते लोखंड. त्यावर आधी शेवाळाचा बुळबुळीत थर, मग कालवं, मग मऊ प्रवाळ. सांदीकपारीत तांबोशी, गोबरा ठाण मांडतात.

‘हा समुद्रात टाकलेला कचराच नव्हे का?’ हा आक्षेप हलका नाही. फ्लोरिडात १९७० च्या दशकात मासे येतील म्हणून लाखो टायर तळाशी टाकले. ते सुटले आणि जवळच्या खऱ्या प्रवाळांवर आपटत राहिले. मुंबईजवळ २०११ मध्ये बुडालेल्या ‘आरएके कॅरियर’ या जहाजातून तेल गळून किनाऱ्याला लागलं. पण याच्या उलट, २००४ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलजवळ ‘स्किला’ ही युद्धनौका तेल आणि घातक पदार्थ काढून, आत-बाहेर जायला भोकं पाडून बुडवली आणि त्या थंड पाण्यातही ती जीवांनी भरली. आत खोल शिरलेल्या काही पाणबुड्यांचा तिथे जीवही गेला, हे विसरू नये.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा: असं जहाज मासे वाढवत नाही, आजूबाजूचे फक्त गोळा करतं. निदान सुरुवातीला हे बऱ्याच अंशी खरं असतं, आणि म्हणूनच त्याभोवती मासेमारी बंद हवी. नाहीतर गोळा झालेले मासे पकडणं तेवढं सोपं होईल. पत्र्यात अडकून फाटलेली जाळी माशांना मारत राहतात, ती काढायलाही नेमलेली माणसं लागतील. ती माणसं, आणि बंदीची हद्द ठरवणारीही, निवती-मालवणच्या मच्छीमारांतलीच असावीत. १९८७ मध्ये त्यांना विचारलं नव्हतं. या वेळी तरी विचारा.